कुत्रं आडवं आलं

आमच्या भागात गाड्यांचे जेवढे म्हणून किरकोळ अपघात झाले, ते सगळे विम्याच्या फॉर्मवर कुत्र्यानं केलेत. माणूस दुसऱ्याच्या गाडीला घासू दे, मळ्यातल्या विहिरीच्या कठड्याला धडकू दे, नाहीतर दारातच गाडी मागं घेताना तुळशीचं वृंदावन पाडू दे. फॉर्मवर ओळ एकच. 'समोर अचानक कुत्रे आडवे आल्याने ब्रेक मारला व गाडी कडेला धडकली.' कुत्र्याला जबाब देता येत नाही, त्याच्याकडं आधार कार्ड नसतं आणि ते कुणावर फिर्यादही करत नाही. म्हणून सगळं त्याच्या माथी. मीही ही ओळ एकदा लिहिली. सत्तावीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार लिहिणाऱ्या हातानं लिहिली.

गाडी म्हणजे अल्टो. 2013 च्या दसऱ्याला शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. घरात चारचाकी येणारी आमची पहिलीच पिढी, त्यामुळं तिचं कौतुक फार. झेंडूची माळ, लिंबू-मिरची, आईनं बोनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, सगळं झालं. विम्याचा हप्ता मी दर वर्षी न चुकता भरायचो, पण पॉलिसीचा कागद एकदाही उघडून वाचला नव्हता. विमा हा पोलिसानं अडवल्यावर दाखवायचा कागद, एवढीच माझी समजूत. पेपर मी अथपासून इतिपर्यंत वाचतो, अगदी जाहीर नोटिसासुद्धा. पण स्वतःच्या सहीचा कागद वाचायचा म्हटलं की डोळ्यांवर झापड येते.

जानेवारी 2018. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. कराडला शिक्षकांची बैठक होती, ती लांबली. निघायला सात वाजले. आमच्याकडचा रस्ता कृष्णेच्या कडेनं जातो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि हंगाम ऐन भरात. ज्यानं गळीत हंगामात त्या रस्त्यानं रात्री गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर ड्रायव्हरच्या दुप्पट उंचीचा ऊस, टेपवर मोठ्यानं गाणी, आणि हेडलाइट एकच, तोही सरळ आपल्या डोळ्यांत. पडलेल्या पाचटावरून चाक घसरतं. आणि मधे-मधे टायरगाड्या. बैलांच्या. दीड-दोन टन ऊस घेऊन त्या अशा संथ चाललेल्या असतात, की लांबून उभ्याच वाटतात. पाठीमागं दिवा नाही, काही नाही. काळोखातून एकदम उसाची भिंत समोर येते.

पहिल्या वळणावर फोन वाजला. शेजारच्या सीटवर होता. मी उचलला नाही, हे आधी सांगतो. पण बघितला. कुणाचा आहे, एवढंच बघायला मान वळवली. बायकोचा होता. गिरणीतून जोंधळ्याचं पीठ आणायचं होतं, त्याची आठवण करायला. मान सरळ केली तेव्हा समोरून एकडोळ्या ट्रॅक्टर येत होता आणि उजेडात काही म्हणता काही दिसेना. पुढच्या क्षणी काचेत ऊस घुसला.

वेग तिसाच्या पुढं नसेल. ब्रेक मारलाच होता. बोनेट गाडीच्या पाठीमागच्या लोखंडी पट्टीवर आदळून मधोमध उभं राहिलं, पुढच्या काचेला कोळ्याचं जाळं पडलं, आणि इंजीन बंद. मग एकदम शांतता. ट्रॅक्टर गाणी वाजवत निघूनही गेला होता. नुसता घुंगरांचा आवाज येत होता, तोही ताल चुकलेला. बैल खाली बसला की घुंगरू तसं वाजतं. माझ्या पोटात गोळा आला.

पुढून कुणीतरी बॅटरी घेऊन आलं. उजेड माझ्या तोंडावर मारला, जरा वेळ तसाच धरला.

"मास्तर, लागलं का?"

आवाज ओळखला आणि मला खरोखर वाटलं, की ह्यापेक्षा विहिरीत पडलो असतो तर बरं. आबा. माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नऊ वर्षांत आमचं बोलणं नव्हतं.

कारण सांगायचं तर बांध. 2009 साली मोजणी झाली आणि दीड हात जागा इकडची तिकडं निघाली. कोण चुकलं ते इथं लिहीत नाही; माझ्या बाजूनं लिहिलेलं तुम्ही खरं धराल आणि आबाला पुस्तक लिहिता येत नाही. एवढंच, की त्या दीड हातापायी आम्ही एकमेकांच्या घरची लग्नं खाल्ली नाहीत. चुलत्यांच्या मातीला मी गेलो, पण चार माणसांच्या मागं उभा राहून परत आलो. आणि त्याच आबाच्या उसाच्या गाडीत मी माझी अल्टो घातली होती.

उजवीकडचा बैल पुढच्या गुडघ्यांवर पडला होता. आबानं जोत्या सोडल्या, त्याला चुचकारून उठवलं. दोन्ही गुडघे फुटले होते. आबाचंही मनगट मुरगळलं होतं. हात छातीशी धरून एका हातानं सगळं करत होता. मागून येणाऱ्या गाडीवानांनी मिळून माझी गाडी मागं ओढली. तेवढ्यात पायाशी परत फोन वाजायला लागला. धक्क्यानं तो सीटवरून उडून ब्रेकच्या पायाखाली गेला होता. आबा वाकला, फोन काढला, उजेडलेल्या काचेवर बायकोचा फोटो बघितला आणि माझ्या हातात दिला.

"घे. घरनं हाय."

बस. त्यावर एक शब्द नाही. पण त्याला काय कळायचं ते कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्याला कळलंय.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून कराडच्या गॅरेजला नेली. विमा उतरवणारा एजंट माझाच जुना विद्यार्थी, तो मोटारसायकलवर लगोलग आला. पोरगं कामाला वाघ. कंपनीला फोन लावून क्लेम नंबर घेतला, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, आणि मिस्त्रीला दम भरला, "सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक नट ढिला करायचा नाही." हे फार महत्त्वाचं असतं म्हणे. आधीच दुरुस्ती केली तर मोडलेलं काय होतं ते कुणी कुणाला दाखवायचं? मग त्यानं मला चहाच्या टपरीवर बसवून हिशोब समजावला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा विद्यार्थी झालो.

"गुरुजी, चार वर्षं तुमचा क्लेम नाही. त्यामुळं हप्त्यात तुम्हाला 45 टक्के सूट चालू आहे. पहिल्या वर्षाला 20, मग 25, 35, 45, आणि पुढच्या वर्षी 50. क्लेम घेतला की ही शिडी पडली. परत शून्यापासून चढायची. म्हणून दोन-चार हजारांचं काम असलं तर मी माणसाला सांगतो, खिशातनं भागवा. पण हे काम वीस हजारांच्या घरात जाईल. क्लेम घ्या."

मग म्हणाला, पैसे सगळे मिळणार नाहीत. प्लॅस्टिक नि रबराच्या वस्तूंवर निम्मा घसारा. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणं. आपली चार वर्षांची पुढं गेली, म्हणजे 35 टक्के कापणार. काचेला घसारा नाही. आणि वर हजार रुपये प्रत्येक क्लेमला आपल्या पदरचे, ते सक्तीचे. मी मनात म्हटलं, ही आपल्या भागातली वाटणीच झाली. आधी हे कापायचं, मग ते कापायचं, आणि उरलं तर वारसाला.

मग त्यानं फॉर्म काढला. नाव, लायसन नंबर, गाडी कोण चालवत होतं, पोलिसांना कळवलं का, तिसऱ्या पक्षाचं काही नुकसान झालं का. आणि शेवटी चार ओळींची मोकळी जागा, 'अपघाताचे थोडक्यात वर्णन.'

"लिहा गुरुजी. समोर अचानक कुत्रे आडवे आल्याने..."

"अरे, पण बैलगाडी होती."

"माहीत आहे. पण बैलगाडी लिहिली की तिसरा पक्ष आला. त्याला लागलं का, बैलाला लागलं का, पोलिसात का गेला नाही, त्याचा जबाब कुठाय. आणि तो जबाब आणायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार?" गावातलंच पोरगं, त्याला बांधाचं प्रकरण पाठ होतं. "कुत्रं लिहिलं की विषय संपला."

विम्याच्या कागदात पहिला पक्ष आपण, दुसरा पक्ष कंपनी, आणि ज्याला आपण धडकलो तो तिसरा, थर्ड पार्टी. रस्त्यावरच्या मोटारीला ह्या तिसऱ्याचा विमा 1988 च्या मोटार कायद्यानं सक्तीचाच आहे. स्वतःची गाडी मोडली तर आपण नशिबाला बोल लावू, पण दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई झाली पाहिजे, असा तो न्याय. मला तो शब्द तेव्हाच खटकला होता. एका आज्ज्याच्या मांडीवर वाढलेला भाऊ, आणि कागदावर थर्ड पार्टी. पण खटकणं वेगळं नि आबाच्या दारात जाणं वेगळं. मी पेन घेतलं आणि कुत्रं लिहिलं. ह्याच पोरानं चौथीत माझ्याकडं कुत्र्यावर निबंध लिहिला होता, 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे.' मी दहातले सात दिले होते.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. पन्नाशीचे, बारीक, गळ्यात दोरीला चष्मा. फारसं बोलत नव्हते. गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटखाली बॅटरीनं बघितलं, चासीचा नंबर ताडून बघितला, फोटो काढले. मग फॉर्म वाचला. परत गाडीपाशी गेले, पुढच्या जाळीत दोन बोटं घातली आणि आतून हातभर पाचट ओढून काढलं. मग काचेच्या रबरात अडकलेलं उसाचं एक कांडं. दोन्ही माझ्यासमोर धरलं.

"गुरुजी, तुमच्या गावात कुत्र्याच्या अंगावर ऊस कधीपासून उगवायला लागला?"

मिस्त्री हसला. एजंट मान खाली घालून मोबाइल बघायला लागला. माझं काय झालं ते सांगता येणार नाही. खोटं आजारपणाचं कारण लिहून आणलेल्या पोराला मी वर्गात जसा उभा करायचो, तसा मी उभा होतो.

सर्व्हेअर भला माणूस होता. त्यांनी आवाज चढवला नाही. बोनेटवर बोट ठेवून म्हणाले, "हा मार बघा. आडवी लोखंडी पट्टी, जमिनीपासून एवढ्या उंचीवर. बैलगाडीची पाठ आहे. हंगामात माझ्याकडं अशा गाड्या येतच असतात. तुमची चूक होती का नव्हती, ह्याच्याशी तुमच्या गाडीच्या भरपाईचा फारसा संबंध नसतो. चूक झाली तरी मिळतं, त्यासाठीच जादा हप्ता भरलाय. पण खोटं लिहिलं तर हातचं खरंही जातं. हा कागद मी असाच वर पाठवला तर क्लेम नामंजूर होईल आणि ते बरोबरच होईल."

पुढं म्हणाले, "खरं काय झालं ते वेगळ्या कागदावर लिहून आणा. गाडीवानाचं निवेदन जोडा. आणि त्याची काही तक्रार नसली तर तसं त्याच्या सहीनं लिहून आणा. दोन दिवस थांबतो."

काही तक्रार नाही! नऊ वर्षांत आबाच्या तोंडून दुसरं काही निघालं नव्हतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "जाऊ द्या की वीस हजार. पतसंस्थेतनं काढू." तेही खरं होतं. गाडी आपली, पैसे आपले, कुणाच्या पाया पडायला नको. पण मला आत कुठंतरी दुसरंच टोचत होतं. अपघात होऊन चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत मी गाडीला दोनदा जाऊन बघितलं होतं आणि बैलाला एकदाही नाही.

सकाळी शाळेच्या आधी गेलो. आबाच्या दारातला गोठा पूर्वी आमचा दोघांचा होता. बैल उभा होता, दोन्ही गुडघ्यांना औषधाचे जांभळे पट्टे. दुसरा बैल एकटाच वैरण खात होता. रिकामी टायरगाडी जू टेकून पडलेली. म्हणजे चार दिवस खेप नाही. ऐन हंगामात.

वैनी बाहेर आल्या, मला बघून पदर सावरला, काही न बोलता आत गेल्या. आतून स्टोव्हचा आवाज आला. आबा मनगटाला फडकं बांधून कट्ट्यावर बसला होता.

"बैल कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाय. डाक्टर म्हनला, आठ दिस जू घालू नका." मग म्हणाला, "बस की. का हुबाच ऱ्हानार?"

मी बसलो. चहा आला. मी सगळं सांगितलं. कुत्र्याचंही सांगितलं. आबाला आधी कळेना, मग कळलं तसा तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. आत वैनीला हाक मारून म्हणाला, "ऐकलंस का, मास्तरानं मला कुत्रं केलं!" मीही हसलो. मला वाटतं, ते हसू झालं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.

मग त्यानं विचारलं, "तुझ्या मोटारीचं पैसं मिळत्यात. माझ्या बैलाचं?"

मी त्याला समजावायला गेलो आणि समजावता समजावता माझीच जीभ अडखळायला लागली. माझ्या पॉलिसीत त्याच्या बैलाचं नुकसान बसतं, कारण तोच तर तिसरा पक्ष. पण माझ्या गाडीसारखं ते फॉर्म भरून गॅरेजमध्ये मिळत नाही. त्यासाठी पोलिसात नोंद, पंचनामा, जनावराच्या डॉक्टरचा दाखला, आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघाताच्या दाव्यांचं जे न्यायाधिकरण असतं तिथं अर्ज आणि वकील. जनावराचा म्हणून जो वेगळा विमा असतो, तो जनावर मेल्यावर. तेव्हा कानातला बिल्ला काढून दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. आबाच्या बैलाच्या कानात बिल्ला नव्हता आणि गुडघे फुटून बैल मरत नाही. म्हणजे सगळी सोय कागदावर होती, फक्त ती माझ्या दारापर्यंत आली होती आणि त्याच्या दारापर्यंत येत नव्हती.

"सातारला कोन जातंय हंगाम सोडून," आबा म्हणाला. "आन तुझ्यावर केस घालून? बांधाची घातली तवा काय मिळालं? लिव तुझा कागद. आन मोठ्यानं वाच."

मी कट्ट्यावर बसून लिहायला लागलो. तारीख, वेळ, ठिकाण. 'सदर बैलगाडीस पाठीमागे रिफ्लेक्टर नव्हता.' हे वाचल्यावर आबानं मान हलवली. "नव्हता. कारखान्यानं दिल्ता, पोरानं काढून सायकलला लावला. खरं हाय, ऱ्हाऊ दे." मग मी लिहिलं, 'समोरील वाहनाच्या प्रकाशामुळे माझे लक्ष विचलित झाले.' तेही वाचलं.

"इचलित मंजी?"

"म्हणजे... लक्ष इकडंतिकडं झालं."

"कशानं?"

मी गप्प.

"फोनानं ना? मंग फोन लिव की. मी रिफलेक्टर लिवू दिला."

खोडणं हे माझ्या हाताला ठाऊक नाही. पोरांच्या वह्यांतसुद्धा मी खाडाखोड चालू देत नाही. पण त्या दिवशी ती ओळ खोडली आणि लिहिली, 'मी फोन कोणाचा आला हे पाहण्यासाठी मान वळवली, त्याच वेळी समोरील ट्रॅक्टरच्या प्रकाशाने दिसेनासे झाले.' खाडाखोडीवर सही केली.

आता शेवटची ओळ राहिली होती. मी घसा खाकरला. "आबा, तुमच्या कागदात असं लिहायला लागतं, की माझी काही तक्रार नाही."

आबा बराच वेळ बैलाकडं बघत राहिला. वैनीही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कशाबद्दल न्हाय?" त्यानं विचारलं.

"म्हणजे ह्या अपघाताबद्दल."

"मंग तसं लिव. ह्या धडकंबद्दल तक्रार न्हाय. बांधाबद्दल लिवू नगंस. ती हाय."

मी लिहिलं, 'फक्त सदर अपघाताबाबत माझी काही तक्रार नाही.' 'फक्त' खाली रेघ ओढायला लावली त्यानं. चौथीतून शाळा सुटलेला माणूस, पण सही घोटून, एकेक अक्षर वेगळं, मनगट दुखत असताना केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी इतका नेमका अर्ज लिहिला नव्हता.

सर्व्हेअरनी दोन्ही कागद वाचले. 'फक्त'पाशी थांबले, माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही. पहिल्या फॉर्मवर त्यांनी रेघ मारली, मी नवा भरला, खाली सही केली.

मग गाडी उघडली. बिल झालं 19,000. पैकी भागांचे 12,800, मजुरी नि रंगाचे 6,200. बोनेट 3,800 चं, त्यातले 1,330 घसाऱ्यात गेले. बंपर, दिवा, जाळी हे सगळं प्लॅस्टिक; निम्मे पैसे आपले. काच तेवढी पूर्ण धरली. मजुरीतले 800 त्यांना जास्त वाटले, ते कापले. सक्तीचे हजार कापले. मोडक्या पत्र्याचे भंगार म्हणून 200 कापले. बिल मी आधी भरलं होतं. रद्द केलेला चेक दिला होता, त्या खात्यावर महिन्याभरानं 13,095 रुपये जमा झाले. म्हणजे पदरचे 5,905. मी एकेक आकडा पडताळून बघितला, मास्तरकी जात नाही. एक रुपयाची चूक नव्हती.

पैसे आले त्या संध्याकाळी तीन हजार पाकिटात घालून आबाकडं गेलो. त्यानं नको-नको केलं नाही. बोटं मोजत हिशोब केला. डॉक्टर नि औषध सहाशे, पट्टी सरळ करून वेल्डिंग सातशे, आठ दिवसांच्या बुडालेल्या खेपा. खेपांचा त्यानं निम्माच आकडा धरला, "निम्मी चूक माझी, रिफलेक्टर न्हवता." एकूण चोवीसशे घेतले आणि सहाशे परत माझ्या हातावर ठेवले.

"हाबी घसारा म्हन," म्हणाला.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, असं लिहायचा मोह होतो. तसं झालं नाही. म्हणजे रस्त्यात भेटलं की 'काय, कसं' एवढं होतं. त्याच्या धाकट्या पोरीच्या लग्नाला आम्ही चौघं गेलो, पहिल्या पंगतीला बसलो, वैनींनी बायकोची ओटी भरली. पण बांध आहे तिथंच आहे. परवा त्यानं बांधावरची बाभळ तोडली, ती माझ्या हिश्शातली आहे असं माझं अजूनही म्हणणं आहे. ते मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "मोजनी आन." पूर्वी हे आम्ही वकिलामार्फत बोलायचो.

ऑक्टोबरात पॉलिसी नवी करायला एजंट आला. सूट शून्य. हप्ता बघून बायकोच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोरगं ओशाळून म्हणालं, "गुरुजी, माझ्यामुळं तुमचा क्लेम जवळजवळ गेला होता." मी म्हटलं, तुझ्यामुळं नाही बाबा, पेन माझ्या हातात होतं. मग त्या वेळी पॉलिसीचा कागद पहिल्यांदा सगळा वाचला. अडीच तास लागले. दोन ठिकाणी मला शब्दकोश काढावा लागला.

त्याच हंगामात, डिसेंबर असेल, मी त्याच रस्त्यानं त्याच वेळेला येत होतो. फोन आता मी पाठीमागच्या सीटवर, पिशवीत ठेवतो. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, तोच किंवा तसलाच, एकडोळ्या. मी वेग कमी केला. अंधारात पुढं काहीतरी गरगरा फिरत चमकत होतं, कधी हिरवं, कधी तांबडं. जवळ गेल्यावर कळलं, टायरगाडीच्या पाठीमागं सुतळीनं दोन जुन्या सीड्या टांगल्या होत्या. शाळेत संगणक आला तेव्हा मुलांसाठी ज्या सीड्या मिळाल्या होत्या, त्यांतल्या. आबाच्या नातवानं वर्गातनं लंपास केलेल्या असणार. एकीवर माझ्या अक्षरात 'इयत्ता चौथी, परिसर अभ्यास' लिहिलेलं हेडलाइटमध्ये स्पष्ट दिसलं.

मी हॉर्न दिला नाही. गाडीमागं तसाच हळूहळू गावापर्यंत गेलो.